फेकलेले ठिपके

ठिपका निघाला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पाच मिनिटं उशीर, अशी धाकटीनं मनात नोंद केली आणि चहाचा कप उचलला.

रोज दहाच्या ठोक्याला घराबाहेर पडणारा माणूस आज पाच मिनिटं का थांबला असेल? एका घोटात तिला तीन कारणं सुचली. चष्मा सापडला नसेल. जिन्यात कुणी गप्पांना धरलं असेल. गुडघा भरून आला असेल. चौथं कारण मनात उगवायच्या आत ठिपका गल्लीच्या तोंडाशी पोचला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"चौकशीताई, आहात ना?" लॅपटॉपमधून आवाज आला.

"आहे. चहा घेतेय."

"मग लिहा की तसं. आम्हाला काय, चूल पेटली की घर पेटलं ते कळत नाही."

तिनं खोलीत ‘चहा’ असं लिहिलं.

खोली म्हणजे खरी खोली नव्हे. कंपनी चार माणसांची आणि चौघं चार शहरांत. दिवसभर एक कॉल उघडा ठेवायचा, बोलायचं नसेल तेव्हाही, आणि उठून गेलं तर एका शब्दात लिहून जायचं, ही त्यांची रीत. चहा. दार. आंघोळ. कंपनी ज्यानं काढली त्याला सगळे कप्तान म्हणत. प्रोग्रॅम लिहिणारा भुंगा. काम करताना तो गुणगुणायचा आणि त्याचं त्याला कळायचं नाही. चित्रं आणि रंग बघणारी ती रंगारी. आणि धाकटी चौकशीताई, कारण इथं येण्याआधी एकोणीस वर्षं ती बससेवेच्या चौकशीच्या खिडकीत बसली होती. खिडकीच्या जागी यंत्र आलं, तेव्हा तिनं कप्तानाला अर्ज केला. मुलाखतीत ती एवढंच म्हणाली होती, "बस कुठं आहे असं कुणी विचारत नसतं. त्या बसमधलं आपलं माणूस कुठं आहे, ते विचारत असतात." कप्तानानं पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

त्यांनी बांधलेल्या संकेतस्थळाचं नाव होतं ‘आलोच’. एक दुवा पाठवायचा, समोरच्यानं तो उघडायचा, की तुम्ही कुठवर आलात ते त्याला नकाशावर दिसतं. अंगावर टॉवेल असताना फोनवर ‘आलोच’ म्हणणाऱ्या जगात हे नाव चालेल, असा कप्तानाचा हिशेब होता. नाव चाललं. कंपनी मात्र रडतखडत चालली होती. लोकांची पत्रं वाचणं, त्यांना उत्तरं देणं आणि ठिपके नीट चालतात की नाही हे तपासणं, एवढं धाकटीचं काम.

त्यातला एक ठिपका तिच्या वडिलांचा होता.

वडील एकोणऐंशी वर्षांचे. चौतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत घरोघर हिंडलेले. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत. गेल्या वर्षी ते जिन्यात पडले आणि तीन तास कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर परगावी राहणारी थोरली आली, आठ दिवस राहिली आणि जाताना धाकटीला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "तुझं ते ठिपक्याचं यंत्र बाबांच्या खिशात राहील. मला दिसत राहिले, तर राहू देत इथं. एकदा जरी तो ठिपका हरवला ना, तर मी कुणाचं ऐकणार नाही. सरळ वृद्धाश्रमात नाव घालीन."

"हरवायचा नाही," धाकटी म्हणाली होती.

चौदा महिने हरवला नव्हता. दात घासायच्या आधी ती ठिपका बघे. भाजी चिरताना एका हातात फोन असे. वडिलांशी फोनवर बोलतानाही ती त्यांचा ठिपका बघत असे, आणि एकदा त्यांनी विचारलंही होतं, "मी बोलतोय तो खरा, की तो?"

त्या दिवशी सव्वादहाला कंपनीची परीक्षा होती. आजाऱ्यांच्या घरी परिचारिका पाठवणारी एक मोठी संस्था ‘आलोच’ बघणार होती. दीडशे परिचारिका, त्यांचे दीडशे ठिपके. ही संस्था हो म्हणाली तर कंपनी राहील, नाहीतर चौघंही आपापल्या वाटेला लागतील, हे कप्तानानं कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

पाहुण्यांना चालता ठिपका दाखवावा लागतो. मागच्या वेळी त्यासाठी कप्तानानं आपल्या मेव्हण्याला रस्त्यावर सोडलं होतं. मेव्हण्याला कोपऱ्यावर शाळेतला मित्र भेटला आणि ठिपका वीस मिनिटं खिळ्यानं ठोकल्यासारखा उभा राहिला. दुधानं तोंड पोळलेल्या भुंग्यानं मग टेप तयार केली. एका खऱ्या माणसाचा खरा फेरफटका नोंदवून ठेवायचा आणि हवा तेव्हा वाजवायचा. खरा माणूस शोधावा लागलाच नाही. वडिलांचा रस्ता आणि वेळ वर्षानुवर्षं तीच: घर, टपालपेटी, वाचनालय, बागेतला बाक, घर. ज्या दिवशी नोंद केली त्या दिवशी धाकटीही त्यांच्या बरोबर चालली होती. ती टेप ‘बाबा नमुना’ नावाच्या खोट्या खात्यावर वाजे. ‘बाबा’ हे खरं खातं यादीत वेगळं होतं.

सकाळी नऊला रंगीत तालीम झाली तेव्हा भुंग्यानं विचारलं होतं, "दोन बाबा दिसतायत. कुठला घेऊ?"

"वरचा," धाकटी म्हणाली होती. तेव्हा नमुना वर होता.

सव्वादहाला पाहुणे आले. संस्थेची मुख्य परिचारिका, जिला सगळे मेट्रनबाई म्हणत, आणि तिच्याबरोबर दोघं. कप्तानानं बोलायला सुरुवात केली. धाकटीनं आपला आवाज बंद करून लॅपटॉपवर नमुन्याचा ठिपका आणि बाजूला फोनवर वडिलांचा ठिपका, असे दोन्ही समोर ठेवले. दोन्ही टपालपेटीजवळ होते. तिला हसू आलं. टेप दहा पाचला सुरू झाली आणि नेमके बाबाही आज दहा पाचलाच निघाले. जुळ्या भावांसारखे दोघं एका पावलानं चालले होते.

दहा बावीसला फोन वाजला. वडिलांच्या खालच्या मजल्यावर राहणारी शिवणवाली होती.

"अगं, तुझ्या बाबांचा चष्मा राहिला माझ्याकडं. वाचायचा. वर जाऊन दार वाजवलं, तर कुलूप."

"वाचनालयाकडं निघालेत. मला दिसतायत. आल्यावर द्याल का तुम्ही?"

"वाचनालयात इस्त्रीचा शर्ट घालून? सकाळी माझ्याकडून इस्त्री करून घेतला. चांगला पांढरा."

"असेल काही. पाचच मिनिटं झाली टपालपेटी ओलांडून."

"कुठली पाच मिनिटं? पावणेदहाला गेले ते. मी मशीनवर होते, खिडकीसमोर. डावीकडं वळले, बसस्टॉपकडं."

"नाही हो, काकू. दहा पाचला निघाले. मी बघतेय ना."

"मी पण बघतच होते," शिवणवाली म्हणाली. तिचा आवाज किंचित चढला. "तुझ्यासारखं काचेतून नाही, उघड्या डोळ्यांनी."

धाकटीनं तिला समजूत घालण्याच्या सुरात काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला. म्हातारी माणसं वेळेचा घोळ घालतात, हे तिला खिडकीतल्या एकोणीस वर्षांनी शिकवलं होतं. तरी मनात कुसळ राहिलं. तिनं वडिलांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. चालताना त्यांना ऐकू येत नाही, म्हणून तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच.

दहा सव्वीसला नमुन्याचा ठिपका चौकाच्या कोपऱ्यावर थांबला. तो थांबणारच होता. नोंद केली त्या दिवशी वडिलांच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि कोपऱ्यावरच्या चांभारानं तो चार मिनिटांत शिवून दिला होता. ती शेजारी उभी राहून चपलेसाठी घासाघीस करणाऱ्या वडिलांवर वैतागली होती.

फोनवर वडिलांचा ठिपकाही त्याच कोपऱ्यावर थांबला.

धाकटी बघत राहिली. चांभार त्या कोपऱ्यावर आता नव्हता. फुटपाथ खणला तेव्हा त्याला उठवलं, त्याला दीड महिना झाला होता. तिथं थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिनं स्वयंपाकघराच्या घड्याळाकडं बघून मोजलं. बरोबर चौथं मिनिट संपताना दोन्ही ठिपके एकदम निघाले.

फोनवर दिसत होते ते आजचे बाबा नव्हते. ते अडीच महिन्यांपूर्वीचे बाबा होते, आणि त्यांच्या शेजारून अडीच महिन्यांपूर्वीची ती चालली होती.

पाहुण्यांच्या सभेत कप्तान बोलतच होता. तिनं आपली नेहमीची खोली उघडली.

"भुंग्या, टेप कुणावर वाजवतोयस?"

"बाबा. वरचा. तुम्हीच म्हणालात वरचा."

"यादी कशी लावली आहेस?"

"कशी म्हणजे? जो शेवटी हलला तो वर." गुणगुण थांबली. कळफलकाचा आवाज आला, मग तोही थांबला. "ताई, खरे बाबा पावणेदहाला हलले होते. ते वर आले. मी टेप त्यांच्यावर लावली आणि ती नमुन्याच्या खिडकीत दाखवतोय. दोन्ही एकच आहेत."

"मग ते स्वतः कुठं आहेत?"

"टेप थांबवू?"

"मी विचारलं ते सांग. त्यांच्या खिशात फोन आहे. तो दर पाच मिनिटांनी ठिकाण पाठवतो. ती ठिकाणं कुठं जातायत?"

"उडी म्हणून फेकली जातायत."

तिला ठाऊक होतं. ती युक्ती तिच्याच सांगण्यावरून झाली होती. सुरुवातीला लोकांची पत्रं यायची: माझी बायको तळ्याच्या मध्यभागी दिसते, माझा मुलगा एका मिनिटात नदीपलीकडं गेला. फोन कधीकधी चुकतो, हे दर पत्राला लिहून ती कंटाळली आणि एका संध्याकाळी भुंग्याला म्हणाली, एवढ्या लांब उडी मारलेला ठिपका खरा नसतोच, तर तो दाखवायचाच कशाला? भुंग्यानं चाळणी लावली. आधीच्या जागेपासून अशक्य दूर असलेलं ठिकाण आपोआप बाद. पत्रं थांबली. आता टेप सांगत होती की बाबा चौकात आहेत, आणि बाबांचा फोन कितीही वेळा खरं ओरडून सांगत असला तरी चाळणी त्याला खोटा ठरवत होती.

"फेकलेले कुठं साठतात का?"

"तीस दिवस राहतात."

"वाच."

त्यानं वाचायला सुरुवात केली. दहा दोनपर्यंतची ठिकाणं, टेप लागायच्या आधीची, चाळणीतून नीट आली होती. तिनंच तेव्हा फोन बघितला नव्हता, पाहुण्यांसाठी केस विंचरत होती. दहा सातला कालव्यावरचा पूल. त्या शब्दाशी तिनं टेबलाची कड धरली. दहा बाराला टायरच्या कारखान्यापुढं. म्हणजे बस. दहा सतराला जुना नाका. दहा बावीस, दहा सत्तावीस, दोन्ही एकाच जागी.

"तिथं काय आहे, ताई? नकाशावर नुसती एक इमारत आणि बाग दिसते."

तिला नकाशाची गरज नव्हती. दोन महिन्यांपूर्वी थोरलीनं तिला त्या वृद्धाश्रमाची माहिती पाठवली होती. दोघी एकदा गुपचूप जाऊन बघूनही आल्या होत्या. बाग चांगली आहे, थोरली म्हणाली होती. धाकटी काहीच म्हणाली नव्हती आणि घरी येऊन वडिलांशी ती हवापाण्यावर बोलली होती.

"टेप थांबवू का?" भुंग्यानं पुन्हा विचारलं. "थांबवली की खरा ठिपका येईल. पण येताना उडी मारूनच येईल. मेट्रनबाईंच्या डोळ्यांदेखत."

आणि थोरलीच्याही. तीही ऑफिसात बसून हाच ठिपका बघत असणार. पर्स शोधताना धाकटीच्या मनात आधी आली ती थोरली, मेट्रनबाई नंतर. याची तिला त्या घाईतही लाज वाटली.

"चालू दे," ती म्हणाली आणि खोलीत ‘दार’ असं लिहून निघाली.

टॅक्सी मिळायला सात मिनिटं लागली. बसल्या बसल्या तिनं वडिलांना चार वेळा फोन लावला. वृद्धाश्रमाच्या फोनवर यंत्र बोललं आणि तिला एक दाबा, दोन दाबा असं सांगत राहिलं. फेकलेले ठिपके खरंच चुकीचे असले तर? फोन बसमध्ये पडला असेल आणि कुणीतरी तो तिथं जमा केला असेल तर? शिवणवालीला काय दिसलं ते नीट विचारून घ्यायला हवं होतं. उघड्या डोळ्यांनी बघणारं एक माणूस मिळालं होतं, आणि तिनं त्यालाच शहाणपण शिकवलं होतं.

पुलावरून जाताना तिनं कालव्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. पाणी संथ होतं.

कानातल्या यंत्रातून सभा ऐकू येतच होती. दहा बावन्नला कप्तान म्हणाला, "यावर आमच्या चौकशीताई बोलतील. पत्रव्यवहार सगळा त्या बघतात. ताई?"

"ऐकतेय."

मेट्रनबाईंचा आवाज जाड आणि सावकाश होता. "माझा साधा प्रश्न आहे. माझ्या मुली अनोळखी घरांत जातात. ठिपका दिसतो तिथं मुलगी आहे, असं मी छातीठोकपणे समजायचं का?"

या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. तिनंच लिहिलं होतं, कप्तानानं त्यातली दोन विशेषणं वाढवली होती. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा, असं ते सुरू होत असे.

"नाही," धाकटी म्हणाली.

कुणीतरी खुर्ची सरकवली.

"आत्ता तुम्हाला दिसतोय ना, वाचनालयात शिरलेला? ते माझे वडील. ते तिथं नाहीत. ती आधी नोंदवून ठेवलेली टेप आहे, चुकून त्यांच्या खऱ्या खात्यावर लागली. त्यांचा फोन खरं ठिकाण पाठवतोय, पण आमची चाळणी ते खोटं समजून फेकून देतेय. मी आता त्यांना शोधायला निघालेय. टॅक्सीत आहे."

कप्तान बोलायला गेला, तर मेट्रनबाईंनी त्याला थांबवलं.

"फेकलेलं तुम्हाला सापडलं कसं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"साठवलेलं असतं. मागून घेतलं. आजवर कधी बघितलं नव्हतं."

"ते आम्हाला दिसेल का?"

"सध्या कुणालाच दिसत नाही."

"हं," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुम्ही आधी वडिलांना बघा. आमचं आम्ही कळवू."

कळवू या शब्दाचा अर्थ खिडकीत बसलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. तिनं यंत्र कानातून काढलं. टॅक्सी थांबली होती.

आत शिरल्यावर लांबट दालन होतं, भिंतीला लागून बाक. ‘फोन बंद ठेवा’ अशी पाटी. बाकाच्या टोकाला, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यावर एक कागद ठेवून वडील ताठ बसले होते. कागद ते हातभर लांब धरून बघत, मग जवळ आणत, मग पुन्हा लांब.

तिला बघून ते दचकले नाहीत. "आलीस? मला वाटलं, आधीच येशील."

ती त्यांच्या शेजारी बसली. पर्स तिनं गुडघ्यांवर ठेवली.

"फोन का नाही उचलत, बाबा?"

"पाटी आहे ना. आवाज बंद केला. अख्खा बंद करणार होतो, मग म्हटलं तुझा ठिपका जाईल. म्हणून नुसता आवाज."

"इथं कशाला आलात?"

"माहितीपत्रक आलं होतं टपालानं. थोरलीनं पत्ता माझाच दिला असणार. हुशार आहे ती, पण घाईची." ते हसले. "तीन आठवडे उशीखाली होतं. तुम्ही दोघी बघून गेलात ना? तो मॅनेजर म्हणाला, मुली येऊन गेल्या. म्हटलं, राहायचं मला, तर मीही एकदा बघावं. मीटर बंद आहे यांचा."

"काय?"

"पाण्याचा. फाटकाशी आहे. काटा हलत नाही, आत बागेला पाणी चालू. मॅनेजरला दाखवला, तर म्हणतो, आजोबा, तुम्ही बसा. बसलो." त्यांनी कागद तिच्यापुढं केला. "हे वाच जरा. चष्मा राहिला कुठंतरी."

तिनं वाचलं. नाव. वय. आजार. जिना चढता येतो का. तातडीनं कुणाला कळवायचं.

"तिथं थोरलीचं घाल," वडील म्हणाले. "तुला कळवायला कशाला हवं? तुला दिसतंच."

आवाज खाली आणून ते म्हणाले, "एक सांगू? बस पुलावर आली ना, तेव्हा वाटलं, आता तुझा फोन येणार. बाबा, कुठं निघालात, उतरा, मागं फिरा. फोन हातातच धरला होता. नाही आला. कारखाना गेला, नाका गेला, तरी नाही. म्हटलं, बघतेय, पण जाऊ देतेय." त्यांनी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी बघावी तशी. "फार बरं वाटलं मला."

हे तसंच राहू द्यावं, असं तिला वाटलं. राहू दिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

"बाबा, मला दिसत नव्हतात तुम्ही."

मग तिनं सगळं सांगितलं. टेप, यादी, वरचा आणि खालचा, चाळणी. वडील लक्ष देऊन ऐकत होते, मध्ये एकदोनदा त्यांनी नीट विचारूनही घेतलं. आकड्यांचा माणूस होता.

"म्हणजे पुलावर तू नव्हतीस."

"नव्हते."

"थोरली?"

"ती पण नाही. तिला तुम्ही वाचनालयात दिसत होतात."

ते खाली फरशीकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा पडेल म्हणून ती वाट बघत होती. पण त्यांनी मान वर केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी मिस्कील हललं.

"मग मी इथवर कुणाला न दिसता आलो?"

"हो."

"दोन बसा बदलून?"

"दोन बदलल्यात?"

"नाक्यावर दुसरी घ्यावी लागते," ते म्हणाले. "तुला एवढंही ठाऊक नाही, आणि चौकशीच्या खिडकीत बसायचीस."

त्यांनी कागद तिच्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. पेन मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि मीटरची पुन्हा एकदा आठवण करून दिली.

फाटकाबाहेर बसस्टॉपवर दोघं उभे राहिले. टॅक्सीत बाबांना मळमळतं. तिचा फोन किणकिणला. थोरलीचा निरोप होता: ‘बाबा घरी पोचले. आज अगदी वेळेत. मी आता मीटिंगला जाते.’

तिनं तो वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी पडदा हातभर लांब धरून बघितलं. ठिपका त्यांच्या घराच्या दाराशी स्थिर उभा होता.

"तिला मी सांगेन आज," ते म्हणाले. "संध्याकाळी. तू मध्ये पडू नकोस."

"आणि फॉर्म?"

"भरायचा तेव्हा मी भरेन. चष्मा घालून."

बस आली. धाकटीनं पायरीवर पाय ठेवला आणि त्यांना आधार द्यायला हात मागं केला. त्या हातात वडिलांनी हात दिला नाही, आपला फोन ठेवला.

"हा घेऊन तू पुढं हो. मी मागच्या बसनं येतो."

"बाबा, नको ना."

"चौतीस वर्षं दारोदार हिंडलो, कुणी विचारलं नाही कुठवर आलात म्हणून. आणि संध्याकाळी घरी यायचोच की." त्यांनी तिच्या बंद मुठीवर हलकेच थोपटलं. "थोरलीला तुझ्या पर्समधला मी दिसेन. तेवढं पुरे तिला."

"चढताय का, बाई?" कंडक्टर म्हणाला.

ती चढली. मागच्या लांब सीटवर काचेला टेकून बसली. तिच्या दोन हातांत दोन फोन होते. एकावर रंगारीनं लिहिलं होतं, ‘ताई, सापडले का?’ दुसऱ्यावर, टेप संपल्यामुळं, वडिलांचा ठिपका दारावरून उडी मारून या रस्त्यावर आला होता आणि तिच्याबरोबर घराच्या दिशेनं चालला होता.

तिनं दोन्ही फोन पालथे घातले आणि मागं बघितलं. वडील स्टॉपच्या खांबाशी उभे होते. पांढरा शर्ट उन्हात लांबूनही ओळखू येत होता. खिशातून किल्ली काढून त्यांनी ती बघितली, पुन्हा खिशात टाकली, आणि येणाऱ्या बसच्या दिशेला तोंड करून उभे राहिले.

वळणापर्यंत ते दिसत होते.